गाठीतला भाडेकरू कोण?

मागच्या भागात आपण पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक कसं चोळायचं ते बोललो. त्यावर एका गटाकडून प्रश्न आला. "ताई, पाकिटावर रायझोबियम लिहिलेलं असतं. तो तर आमच्या मातीत आधीपासून असतोच म्हणता. मग आमचा तो कोणता आणि पाकिटातला तो कोणता, हे कोण ठरवतं? आणि एखादा नवाच सापडला तर त्याचं बारसं कोण करतं?" हा प्रश्न मला इतका आवडला की आजचा सगळा वेळ त्यालाच द्यायचं ठरवलं आहे.

आधी गाठ बघू या. मूग, उडीद, हरभरा, भुईमूग, सोयाबीन, कुठलंही द्विदल पीक फुलावर येताना त्याचं एक झाड घ्या. हाताने ओढून उपटू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा. माती आपोआप सुटते. मुळांना मोहरीएवढ्या, मुगाएवढ्या गाठी दिसतील. त्यातली एक नखाने चिरा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ कामावर आहे. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपत आलं, आणि पांढरी असेल तर एक तर ती अजून कच्ची आहे किंवा आतला जिवाणू नुसता बसून खातो आहे. तो गुलाबी रंग ज्या पदार्थाचा असतो तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊच. आरोग्य शिबिरात आपण एचबी तपासतो ना, तसं हे झाडाचं एचबी. त्यातही लोह असतं. गाठीतला ऑक्सिजन बेताचा ठेवायचं काम हा पदार्थ करतो, कारण हवेतला नत्र पकडणारं जिवाणूचं यंत्र ऑक्सिजन जास्त झाला की बिघडतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण यात फार गोंधळ होतो. वांगी, टोमॅटो, भेंडीच्या मुळांवरही गाठी येतात, पण त्या सूत्रकृमीच्या. तो रोग आहे. ओळखायची खूण सोपी. जिवाणूची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने घासली तर सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती वेगळी करता येत नाही. आणि सूत्रकृमी द्विदल पिकालाही लागतो, म्हणून "गाठी आहेत, म्हणजे चांगलं आहे" असं बघितल्याशिवाय म्हणू नका.

आता मूळ प्रश्न. हवेत शंभरातला ७८ भाग नत्र आहे, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. डाळवर्गीय पिकं रानाला कस देतात हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं, पण कसा ते माहीत नव्हतं. १८८६ मध्ये जर्मनीत हेलरिगेल नावाच्या शास्त्रज्ञाने कुंड्यांत प्रयोग करून दाखवले. त्याचा सहकारी विल्फार्थ. वाळूत, नत्राचं खत न देता, वाटाणा लावला. वाळू तापवून निर्जंतुक केलेली असेल तर वाटाणा उपाशी राहायचा. त्याच कुंडीत शेतातल्या मातीचं थोडं पाणी ओतलं की मुळांना गाठी यायच्या आणि वाटाणा टवटवीत व्हायचा. ओटचं पीक मात्र कशालाच दाद देत नसे, त्याला खतच लागे. म्हणजे मातीतलं काहीतरी जिवंत येऊन वाटाण्याला मदत करत होतं. १८८८ मध्ये नेदरलँड्सच्या बायेरिंक यांनी गाठीतून तो जिवाणू वेगळा करून वाढवला, आणि १८८९ मध्ये फ्रँक यांनी त्याला रायझोबियम नाव दिलं. ग्रीक शब्दांवरून केलेलं नाव आहे, अर्थ मुळात जगणारा.

तेव्हापासून बरीच वर्षं सगळा कारभार याच एका घराण्याच्या नावावर होता. मग लक्षात आलं की हरभऱ्याचा जिवाणू वाटाण्याला गाठी करत नाही, सोयाबीनचा हरभऱ्याला करत नाही. काही तीन-चार दिवसांत भराभर वाढतात, काही आठवडा घेतात. १९८२ मध्ये या सावकाश वाढणाऱ्यांचं घराणं वेगळं काढलं, नाव ब्रॅडीरायझोबियम. ब्रॅडी म्हणजे मंद. सोयाबीनचा जिवाणू या घराण्यातला. हरभऱ्याचा गेला मेझोरायझोबियम घराण्यात. जिवाणूचं नाव मतदार यादीसारखं असतं, आडनाव आधी आणि स्वतःचं नाव नंतर. मेझोरायझोबियम सिसेरी म्हटलं की मेझोरायझोबियम हे आडनाव आणि सिसेरी, म्हणजे हरभऱ्याचा, हे नाव.

नवा जिवाणू ओळखतात कसा, ते एका खऱ्या उदाहरणावरून सांगते. उदाहरण आपल्याच देशातलं आहे.

लाजाळू आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिचीच एक नातेवाईक पाण्यावर तरंगते. तळ्यात, साचलेल्या पाण्यात तिच्या वेली पसरतात, देठाला पांढरा स्पंजासारखा फुगा असतो, पिवळी फुलं येतात आणि हात लावला की पानं मिटतात. शास्त्रीय नाव नेप्चुनिया नॅटन्स. थायलंडमध्ये तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात. ही द्विदल वर्गातली आहे आणि पाण्यात लोंबणाऱ्या तिच्या मुळांनाही गाठी येतात. शास्त्रज्ञांना तिचं कुतूहल वाटलं, कारण तिच्यात जिवाणू शिरतो तो नेहमीच्या दाराने नाही. बहुतेक पिकांत तो मुळावरच्या बारीक केसांतून आत जातो. इथे मात्र नवं मूळ फुटताना सालीला जी फट पडते तिथून घुसतो. आपल्या भुईमुगातही तो अशा फटीतूनच शिरतो बरं का, त्यामुळे हे काही अगदी जगावेगळं नाही.

आफ्रिकेतल्या सेनेगल देशात याच वनस्पतीच्या गाठींतले जिवाणू आधी तपासले गेले होते आणि त्यांना अलोरायझोबियम उंडिकोला असं नाव मिळालं होतं. साहजिकच कुणालाही वाटेल, भारतातल्या झाडातही तोच असणार. झाड एकच, मग भाडेकरूही एकच. पण त्यांनी तसं गृहीत धरलं नाही, तपासलं. मला या सगळ्या गोष्टीत हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

तपासायचं म्हणजे पहिल्यांदा जिवाणू एकटा काढायचा. गाठ धुऊन घेतात, क्षणभर अल्कोहोलमध्ये बुडवतात, मग जंतुनाशकात ठेवतात आणि निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. का? गाठीच्या बाहेर मातीतले हजार तऱ्हेचे जंतू चिकटलेले असतात. आपल्याला घरात राहणारा हवा आहे, ओट्यावर टेकलेला नको. मग गाठ चिरडून तिचा रस एका थाळीवर रेघा ओढून पसरतात. थाळीत जिवाणूंचं जेवण असतं, यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल नावाची साखर, आणि ते घट्ट करायला अगर. अगर म्हणजे आपण ज्याची जेली करतो ते चायना ग्रास. त्यात काँगो रेड नावाचा लाल रंग घालतात. रायझोबियम हा रंग फारसा शोषत नाही, त्याचे ठिपके पांढरट, ओलसर दिसतात. मातीतले दुसरे बरेच जंतू लालभडक होतात. पांढरा ठिपका उचलायचा, पुन्हा नव्या थाळीवर, पुन्हा उचलायचा. सगळे ठिपके एकसारखे येईपर्यंत हे चालतं. आपण विरजणासाठी चांगल्या कवडीतलं चमचाभरच दही घेतो ना, तशातली गत.

आता एकटा सापडला. पण गाठीत सापडला म्हणून गाठ त्यानेच केली असं होत नाही. गाठीत फुकटे पाहुणेही असतात, हे अनेकदा दिसलं आहे. म्हणून पुढची परीक्षा म्हणजे हेलरिगेलचा वाटाणाच पुन्हा. बी निर्जंतुक करायचं, निर्जंतुक वाळूत नाही तर नळीत लावायचं, काही झाडांना हा जिवाणू द्यायचा आणि काहींना काहीच द्यायचं नाही. ज्यांना दिला त्यांनाच गाठी आल्या, त्यांचीच पानं हिरवी राहिली, आणि त्या गाठीतून पुन्हा तोच जिवाणू निघाला, तर मानायचं. "काहीच न दिलेली" झाडं ठेवणं फार गरजेचं आहे. आपणही शेतात एखादं औषध वापरून बघतो तेव्हा दोन ओळी तशाच सोडल्या पाहिजेत, नाही तर फरक औषधाचा की पावसाचा ते कळणार कसं?

मग प्रश्न येतो, हा ओळखीचा की नवा? डोळ्यांनी बघून सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे दांड्यासारखे. म्हणून त्याची वंशावळ वाचतात. प्रत्येक जिवाणूच्या पेशीत सोळा एस नावाच्या जनुकाचा एक मजकूर असतो, साधारण दीड हजार अक्षरांचा. हा मजकूर सगळ्या जिवाणूंत असतो आणि फार हळू बदलतो. त्यामुळे दोघांचे मजकूर शेजारी ठेवून किती अक्षरं जुळतात ते मोजलं की नातं किती जवळचं ते कळतं. आज साधारण ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर जात नवी असणार असं धरतात.

भारतातल्या नेप्चुनियाच्या जिवाणूंचा मजकूर वाचला, तेव्हा तो सेनेगलच्या घराण्याशी जुळलाच नाही. रायझोबियमशीही नाही. तो जवळ गेला डेव्होसिया नावाच्या एका घराण्याच्या. त्या घराण्यात तोवर एकच जात माहीत होती आणि ती गाठी करणारी म्हणून कुणाला ठाऊक नव्हती. तिच्याशीही जुळणी ९५.९ टक्के. म्हणजे दीड हजारांत साठेक अक्षरं वेगळी. ऐकायला थोडी वाटतात, पण या हिशोबात तो मोठा फरक आहे.

एवढ्यावर नाव ठेवत नाहीत. सोयरीक जुळवताना आपण नुसतं आडनाव विचारून थांबतो का? गाव, घर, शिक्षण, सवयी, सगळं काढतो. तसंच इथे. सगळा डीएनए एकमेकांशी किती जुळतो ते बघितलं, प्रथिनं बघितली, पेशीतली स्निग्धाम्लं मोजली, कोणती साखर खातो आणि काय खात नाही ते नोंदवलं. हा जिवाणू बऱ्याच शर्करा खातो, पण सेंद्रिय आम्लं खात नाही. त्याला ऑक्सिजन लागतोच. एका टोकाशी असलेल्या शेपटीने तो पोहतो. सगळं जुळून आल्यावर स्पेनच्या सालामांका विद्यापीठातल्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं डेव्होसिया नेप्चुनिए. रायझोबियमच्या जुन्या घराण्यांबाहेरचा, पण खरोखर गाठी करून नत्र पकडणारा हा चौथा. त्याच्या थोडं आधीच तैवानमध्ये साध्या लाजाळूच्या गाठीत असाच परका भाडेकरू सापडला होता, आणि आपल्या तागाच्या जातकुळीतल्या आफ्रिकेतल्या झाडात आणखी एक.

मग या परक्याला गाठी बांधायची विद्या आली कुठून? शास्त्रज्ञांनी गाठ बांधण्याचं आणि नत्र पकडण्याचं जनुक वाचलं, तर ते घेवड्याला गाठी करणाऱ्या रायझोबियम ट्रॉपिसीच्या जनुकांच्या जवळचं निघालं. म्हणजे घराणं एक आणि विद्या दुसऱ्याची. जिवाणू एकमेकांना जनुकं देतात, शेजारणीने शेजारणीला लोणच्याची कृती द्यावी तशी. म्हणूनच गाठी करतो म्हणून हा अमुक घराण्याचा, असं म्हणता येत नाही.

उलटंही घडतं. दिल्लीच्या पुसा इथल्या हरभऱ्याच्या मुळाजवळच्या मातीतून एक जिवाणू काढला, २०११ मध्ये त्याचं नाव ठेवलं रायझोबियम पुसेन्स. आडनाव रायझोबियम, ठिकाण हरभऱ्याचं मूळ, ऐकणाऱ्याला वाटेल हा नत्र देणाराच. पुढे जास्त जनुकं वाचली तेव्हा त्याला त्या घराण्यातून काढून अग्रोबॅक्टेरियम घराण्यात घातलं. आणि हाच जिवाणू काही आजारी माणसांच्या रक्तातही सापडला आहे. घाबरायचं कारण नाही, मातीत असे असंख्य असतात. पण मुळाजवळ सापडला म्हणजे खत झाला, असं नाही.

हे तुम्हाला एवढ्या तपशिलात का सांगते आहे? हंगामाच्या तोंडावर गावात कुणी ना कुणी बाटल्या घेऊन येतो. "मॅडम, नवीन शोधलेला जिवाणू आहे, कुठल्याही पिकाला चालतो, नत्र, स्फुरद, सगळं देतो." गटाच्या पैशातून घ्यायची असेल तर त्याला विचारा, जिवाणूचं पूर्ण नाव काय? आडनावासकट. कोणत्या पिकासाठी? तुरीच्या, सोयाबीनच्या आणि हरभऱ्याच्या पाकिटात एकच जिवाणू चालत नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. जिवंत पेशी किती? पावडरीतल्या रायझोबियमसाठी सरकारच्या खत नियंत्रण आदेशात एका ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हे प्रमाण आहे. शेवटची तारीख कोणती आणि पाकीट उन्हात तर नव्हतं ना? नाव सांगता येत नसेल तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

चांगलं पाकीट मिळालं तरी ते जपावं लागतं. २५० ग्रॅम संवर्धक साधारण १० किलो बियाण्याला, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. या ओळी मागच्या भागात सांगून झाल्या आहेत, तरी पुन्हा सांगते, कारण उन्हात वाळवलेलं बियाणं मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या अंगणात बघते.

नाव ठेवल्यावर जिवाणूचं पुढे काय होतं, हेही विचारलं होतं. नुसतं नाव छापून भागत नाही. त्याचा जिवंत नमुना जगातल्या कमीत कमी दोन देशांच्या संग्रहालयांत जमा करावा लागतो, म्हणजे उद्या कुणालाही तो मागवून तपासता येतो. तिथे तो गोठवून, वाळवून काचेच्या नळीत ठेवतात. डेव्होसिया नेप्चुनिएचे नमुने बेल्जियम आणि स्पेनमध्ये आहेत. झाड आपलं, जिवाणू आपल्या पाण्यातला आणि दप्तर तिकडे. आपल्याकडेही असे संग्रह आहेत. चंदीगडला आहे, उत्तर प्रदेशात मऊला शेतीच्या जिवाणूंचा आहे आणि पुण्यातही राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात वनस्पती आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवही धरले आहेत. परदेशी संस्थेला ते संशोधनासाठी न्यायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिच्याकडे लोकांनी सांगितलेली नोंदवही असते. तुमच्या गावच्या नोंदवहीत हुलगा, मटकी, पावटा यांचे जुने वाण लिहिलेत का, ते एकदा जाऊन बघा. त्या जुन्या वाणांच्या मुळांत कोण राहतो हे बऱ्याच ठिकाणी कुणी बघितलेलंही नसेल. समितीवर आपल्या गटातली एखादी बाई असेल तर उत्तम.

तुमच्या रानातल्या एखाद्या पिकाच्या गाठी तपासून घ्यायच्या असतील, म्हणजे सगळीकडे पिवळं पडलेलं असताना तुमच्याच तुकड्यात झाडं खत न घालता हिरवीगार असतील, तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात आधी फोन करा. फुलोऱ्यातलं झाड मातीच्या ढेकळासकट काढा, मुळं धुवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड सैल बांधा, उन्हात आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवा. आत एक चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई ओलीने पसरते. चिठ्ठीत गाव, गट नंबर, पीक आणि वाण, पेरणीची तारीख, या रानात आधी कोणतं पीक होतं, आणि बियाण्याला पाकिटातला जिवाणू लावला होता की नव्हता. हे शेवटचं विसरू नका. ते लिहिलं नाही तर गाठीत जो सापडेल तो पाकिटातला की रानातला, हे सांगणं प्रयोगशाळेलाही अवघड जातं.